गुळगुळीत झालेलं टॅपेट कव्हर

टॅपेट कव्हर टेबलावर होतं आणि त्यात मला माझा चेहरा दिसत होता. तिथेच माझं डोकं फिरलं.

अमरावतीत बडनेरा रोडला माझं गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. बॉनेट उघडलं की पहिली नजर त्याच्यावर जाते. हे कव्हर अकोल्याच्या एका सरांच्या गाडीचं होतं आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी स्वतः त्याला लाल रिंकल पेंट मारला होता. रिंकल म्हणजे सुरकुती. हा रंग वाळताना मुद्दाम आकसतो आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या उमटतात. हात फिरवला की खरबरीत लागतो. त्यात चेहरा दिसायचा प्रश्नच नाही.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी," प्रल्हादभाऊ म्हणाले. वर हसले. "आता बरोबर झालं ना, भाऊ?"

प्रल्हादभाऊ माझे हेड पेंटर. वय पंचावन्न, भातकुलीहून रोज एसटीनं येतात. स्प्रे गनवर असा हात मी दुसरा पाहिला नाही. शुक्रवारी ते सुट्टीवर होते. मी काम उरकलं, कव्हर ओव्हनमध्ये ठेवलं आणि अचलपूरला लग्नाला गेलो. ओव्हन म्हणजे आमची रंग भाजायची पत्र्याची खोली. शनिवारी अकराला परतलो, तर सुरकुत्या घासून साफ, वर साधा चकचकीत लाल रंग, आणि तोही अगदी निर्दोष मारलेला. त्या निर्दोषपणाचाच मला जास्त राग आला.

"अबे, तुले अक्कल आहे का?" मी ओरडलो. "कोणी सांगितलं होतं हात लावायले?"

माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा अबे-तुबे केलं. समोरच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा तरी नाही.

राग यायला कारण होतं. सर पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवायचे. भंगारातली एक जुनी परदेशी गाडी आणून त्यांनी ती सुट्टीच्या दिवसांत स्वतः उभी केली. पोरांसमोर तेच इंजिन कितीदा खोललं आणि बसवलं. आता काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. गाडी नुसती उभी राहून खराब होते म्हणून त्यांची मुलगी ती रविवारी सकाळी पुण्याला नेणार होती. कव्हरचा मूळचा रंग उष्णतेनं पोपडे धरून गेला होता. सर मला म्हणाले होते, "रंग लाल हाय का हिरवा, मले काई दिसत नाई. पन हाताले पयल्यासारखं लागलं पायजे. गाडी गेली की मंग मी तिले कवा हात लावन?"

त्या माणसाच्या हाताखाली मी आरसा ठेवणार होतो का?

तेवढ्यात सरांच्या मुलीचा फोन आला.

"काका, संध्याकाळपर्यंत कव्हर येतंय ना?"

"थोडी अडचण आहे."

"मग राहू द्या हो. पुण्यात करून घेईन मी. बाबांना तसंही कुठे दिसतंय!"

मी फोन ठेवला. ठेवला नसता तर वकिलाची गरज पडली असती.

मग पुन्हा प्रल्हादभाऊंकडे वळलो. "फोन काहून नाही केला मले?"

ते खाली बघत होते. "तुमी लग्नात होते. सकाळी ओव्हन उघडला तं सारा रंग फाटलेला. घासाले घेतलं तं घासाचा कागद रंगानं भरून येऊन राहिला होता. तरी चार कागद घालून घासलं. तुमाले फोनवर काय सांगू, का भाऊ, तुमच्या हातानं काम बिघडलं म्हनून? म्हटलं, तुमी यायच्या आंदी नीट करून ठेवतो. कोनाले मालूम पडाचं नाई."

माझी नजर भिंतीवर टांगलेल्या एका झाकणाकडे गेली.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या धंद्यात रंगाला सुरकुती पडणं हे सगळ्यात मोठं पाप. जाड थर मारला, खालचा ओला असतानाच वरचा वाळला, की दुधावर साय धरते तशी कातडी धरते आणि आकसते. मग गाडीचा अख्खा दरवाजा असला तरी तो पूर्ण घासून पुन्हा रंगवावा लागतो. सहा वर्षांपूर्वी प्रल्हादभाऊंच्या हातून एका गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण असं बिघडलं. मी ते सगळ्यांसमोर भिंतीला खिळ्यावर टांगलं आणि म्हणालो, हे रोज बघत जा. नवीन पेंटर आला की मी त्याला ते झाकण दाखवायचो, कोणाचं आहे तेही सांगायचो. प्रल्हादभाऊ बाजूलाच उभे असायचे.

रिंकल पेंट आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. जॉब कार्डवर मी फक्त रंगाचा नंबर लिहिला होता, सुरकुत्या हव्यात हे नाही. म्हणजे सहा वर्षं मी जे शिकवलं, तेच या माणसानं केलं होतं. वर माझी अब्रू झाकायला केलं होतं. आता मला स्वतःचाच राग आला, आणि हा राग ओरडून कमी होण्यातला नव्हता.

"किती रंग उरला?" मी विचारलं.

डबा हलवून बघितला. अर्ध्यापेक्षा कमी. हा रंग मुंबईहून मागवला होता. म्हणजे एकच संधी.

रिमूव्हर लावून सगळा रंग काढला. कव्हर धातूपर्यंत उघडं केलं, थिनरनं पुसलं, बोल्टची भोकं टेपनं बंद केली. मग मी गन प्रल्हादभाऊंच्या हातात दिली.

"मी नाई मारत," ते म्हणाले.

"तुम्हीच मारा. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरपा. मधे पाच-पाच मिनिटं. आणि जाड मारा. ओघळेल असं वाटेपर्यंत जाड."

"भाऊ, हात धजत नाई."

"मारा म्हटलं ना!" आवाज पुन्हा चढला. सवय एका सकाळीत जात नाही.

त्यांनी मारला. तिसऱ्या थराला डाव्या कोपऱ्यात त्यांचा हात किंचित आखडला, ते मी पाहिलं. रंग संपला होता, बोलून उपयोग नव्हता. मग हीट गननं ऊब द्यायला सुरुवात केली. दहा-बारा मिनिटांनी मधोमध पहिली सुरकुती उठली आणि बघता बघता पसरत गेली. प्रल्हादभाऊंनी मान फिरवली.

"इकडे बघा. हेच पाहिजे," मी म्हणालो.

"पाहून राहिलो ना," ते म्हणाले. बघत मात्र नव्हते.

कव्हर भाजलं, गार केलं आणि दुपारी आम्ही दोघं अकोल्याला निघालो. साडेपाचला सरांच्या दारात पोहोचलो. त्यांचा मेकॅनिक कव्हरखाली बसवायची नवी पॅकिंग घेऊन थांबला होता. त्यानं कव्हर बसवलं. मुलगी मोबाईल बघत म्हणाली, "छान दिसतंय." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

सरांनी बाही वर केली आणि कव्हरवर तळवा ठेवला. उजवीकडून सुरुवात केली. सावकाश, बोटं पसरून. डाव्या कोपऱ्यात बोटं थांबली. मागे गेली, पुन्हा आली.

"इथं थर पातळ पडला. कोनं मारला?"

मी 'मीच' म्हणणार होतो. त्याआधी प्रल्हादभाऊ बोलले. "मी, सर. हात भेला माहा."

"पयल्यांदाच मारला का असा रंग?"

"हो जी."

"मंग लय नाई चुकला. माहे पोट्टे तं पयल्यांदा इंजिन बसवत तवा दोन नट उरत." सर मुलीकडे वळले. "चाबी फिरव वं माय."

इंजिन चालू झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, हात काढा, भाजेल." सरांनी काढला नाही. कव्हर चांगलं तापेपर्यंत तळवा तसाच होता. मुलीनं मोबाईल बाजूला ठेवला आणि गाडी बंद केली नाही.

परतताना मूर्तिजापूर गेल्यावर प्रल्हादभाऊंनी विषय काढला. "भाऊ, ते टाकीचं झाकन..."

"सोमवारी काढतो."

काढलं. खिळा राहिला आहे, त्याला आता जॉब कार्डं अडकवतो. कार्डवर नंबरासोबत मराठीत लिहितो, काम झाल्यावर ते कसं दिसायला हवं. माणसाला सहा वर्षं भीती शिकवायची आणि एका सकाळी त्यानं ती आपण होऊन विसरावी असं धरून चालायचं, हा मूर्खपणा माझा होता. घासायचं काम तेवढं प्रल्हादभाऊंनी केलं.