धुक्यातली शिटी

मुरबाड तालुक्यात भुतांचं सगळ्यात मोठं नुकसान कोणी केलं असेल तर ते माझ्या मधल्या मामांनी. मुरबाडहून माळशेजच्या दिशेनं जाताना आत वळलं की ओढ्याकाठी त्यांचं घर आहे. त्याच्या मागं फणस, चिकू, बांबूचं दाट बेट आणि करवंदीचं कुंपण असलेलं एवढं मोठं परस, की दुसऱ्या कोणाच्या मालकीचं असतं तर तिथं निदान चार-पाच भुतं सुखानं नांदली असती. मामांनी एकाला टिकू दिलं नाही. बेटातून कोणी घोगऱ्या आवाजात हुंकार भरला की गाव म्हणे मुंजा. मामा म्हणत भारद्वाज. दिवेलागणीला कोणी खिदळलं की गावाची हडळ आणि मामांचा पिंगळा. टिटवी ओरडत घरावरून गेली की शेजारच्या काकू कोण आजारी आहे ते आठवू लागत, आणि मामा कुंपणावरून सांगत, "तिची अंडी हायत ओढ्याच्या गोट्यांत. तुमची गाय तिकडनं हाकला, मग नाय ओरडणार." भुतावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या घरात कोणाचाच नसतो, निदान तसं म्हणायची पद्धत आहे. पण मामांची गंमत अशी, की भीती मात्र त्यांना मनापासून आवडायची. अंगावर काटा आला की ते खूष होत, तो पुरेसा उभा राहू देत, आणि मग प्राण्याचं नाव सांगत.

एसटीत कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी खाकी कोट तेवढा घरी आणला. मार्गशीर्षात धुकं पडायला लागलं की तो कोट, माकडटोपी आणि प्लास्टिकची खुर्ची एवढा सरंजाम घेऊन ते उजाडताच परसाच्या पार टोकाला, बेटाजवळ जाऊन बसत. धुकं ते नुसतं बघत नसत, चाखत. जीभ बाहेर काढून क्षणभर थांबत आणि म्हणत, "आज धुराची चव हाय. वरच्या वाडीत शेकोटी पेटली." पाहुण्यालाही शेजारी बसवत. घराकडं पाठ करायची, बोलायचं नाही, हलायचं नाही. जिथं हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत अशा पांढऱ्या काळोखात पाचोळा वाजतो, काहीतरी जवळ येतं, थांबतं, श्वास घेतं आणि निघून जातं. मामांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं लग्न झाल्यावर वाशिंदचे नवे जावई पहिल्यांदा आले, तेव्हा मामांनी मोठ्या कौतुकानं त्यांना तिथं नेऊन बसवलं. थोड्या वेळानं जावयांच्या पायावरून काहीतरी गार, जड आणि लांबलचक जायला लागलं. संपेचना. मामा कानाशी हळूच म्हणाले, "हलू नका. धामण हाय. तिला पलीकडं जायचंय, जाऊ द्या." ती गेली. जावईही गेले, ते त्यानंतर कधी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर आले नाहीत.

परसात मोठ्यानं बोलायला मामांनी सगळ्यांना बंदी घातली होती, त्यात मामीही आली. पण जेवायला तर बोलवायचं असे. मामीनं त्यावर उपाय काढला: मागच्या दारात उभी राहून ती शिटी वाजवायची. आधी एक लांब, सरळ सूर आणि शेवटी तो असा वर उचललेला, जणू प्रश्न विचारतेय. बाईमाणसानं शिटी वाजवावी का, यावर आळीत बरीच चर्चा झाली. मामी म्हणाली, "तुमच्यापैकी कोनी जाऊन त्यांना उठवा, मी सोडते वाजवायची." कोणी गेलं नाही. पुढं इतकी वर्षं ती शिटी वाजत राहिली, की ती नसलेली जेवणवेळ आम्हाला ठाऊकच नव्हती.

परवाच्या पावसाळ्याच्या शेवटी साध्या तापाचं निमित्त होऊन मामी गेली. पुण्यानुमोदनाला सगळे जमलो, पांगलो, आणि मामा त्या घरात एकटे राहिले. थंडी पडल्यावर मी आणि मामेबहीण त्यांना वाशिंदला न्यायला म्हणून गेलो. पोहोचलो त्या दिवशी काकूंनी आम्हाला कुंपणाशी बोलावलं. दिवाळीपासून त्यांनी त्या बाजूला कपडे वाळत घालणं सोडलं होतं. का, ते मात्र सांगेनात. "तुमीच बघा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी धुकं दारापर्यंत आलं होतं. मामा नेहमीप्रमाणं बेटाकडं जाऊन बसले होते. मामेबहीण भाकऱ्या थापत होती, मी ताटं पुसत होते, आणि परसातून शिटी आली. एक लांब, सरळ सूर, शेवटी वर उचललेला. बहिणीचा हात काटवटीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघीही हललो नाही. मग धुक्यातून पावलं वाजली, मामा आत आले, हातपाय धुतले, आपल्या जागी बसले आणि वर पाहिलं. आम्ही तिथं आहोत याचंच त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"आमी नाय बोलावलं, बाबा," बहीण म्हणाली.

"म्हाईत हाय."

"रोज येते ही शिटी?"

"धुकं असलं की येते."

"मग तुमी काय करता?"

"येतो घरात. पानी पितो. परत जातो." आणि तेवढ्यात ती पुन्हा आली, या वेळी फणसाच्या बाजूनं, अगदी जवळून. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक हुंकाराला नाव दिलं होतं, त्यानं या वेळी नाव सांगितलं नाही. खाली मान घालून भाकरी मोडली.

त्या दिवशी घरात भांडण झालं. बहीण म्हणाली, या घराला कुलूप लावा, मी माझी पोरं इथं परत आणणार नाही. काकू म्हणाल्या, अमावस्येला भगत बोलावते, माझ्या ओळखीचा आहे. मामा काकूंना शांतपणे म्हणाले, "आपल्याकडं भगत नाय चालत." आणि लेकीला म्हणाले, "उद्याचा दिस थांब." मग माझ्याकडं वळून, "तू बसशील का गो माझ्यासंगती?"

मी बसले. पायाखालची जमीनही दिसत नव्हती. बेटातून भारद्वाज हुंकारला आणि थांबला. सगळं परस गप्प झालं, दव गळायचंही थांबल्यासारखं वाटलं, आणि आमच्या डोक्यावर मामी शिटी वाजवू लागली. शेजारी मामांची खुर्ची करकरली. ते उठायला निघाले होते, पण खुर्चीचे दांडे घट्ट धरून त्यांनी स्वतःला बसवून ठेवलं. शिटी पुन्हा झाली. मग त्याच फांदीवरून, त्याच गळ्यातून, टिटवी ओरडली. मग काकूंच्या कोंबडीची पिल्लं चिवचिवली, वर, फणसाच्या झाडात. मामांनी सुस्कारा टाकला. ऊन चढलं, धुकं फाटलं, आणि फणसावर एक काळाकुट्ट पक्षी दिसला, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. डोंगरातला कोतवाल. ऐकेल त्याची नक्कल करणारा. इतक्या वर्षांची मामीची शिटी त्यानं तोंडपाठ केली होती.

मामांनी जाऊन काकूंना आणि लेकीला बोलावून आणलं आणि तो बोटानं दाखवला. काकूंनी भगताला नको म्हणून कळवलं. बहीण आधी हसली, मग मागच्या पायरीवर बसून खूप रडली. मामांना कोणी वाशिंदला नेलं नाही. मी एकच विचारलं, की पाखराला जेवायची वेळ कशी कळते. मामांनी जीभ बाहेर काढून उरलेलं धुकं चाखलं.

फाल्गुनात मी पुन्हा गेले. पळस पेटला होता, पाचोळ्यात मुंगसांची धावपळ चालली होती, आणि धुक्याचा मागमूस नव्हता. कोतवाल फणसावर होता, पण आता तो गावात येणाऱ्या टेम्पोचा रिव्हर्स घेतानाचा पीं-पीं आवाज काढत होता, फार मन लावून. शिटी त्यानं टाकून दिली होती. मामा कोटाशिवाय बसले होते, त्यामुळं एकदम लहान दिसत होते.

"मामीसारखीच वाजवायचा ना?" मी म्हणाले.

"सूर बरोबर होता," मामा म्हणाले. "पन तुझी मामी दुसऱ्यांदा वाजवायची ती रागानं. ह्याला राग नाय यायचा." मग म्हणाले, "ती होती तवा मी पहिल्या शिटीला कधी उठलो नाय गो. ह्याच्या पहिल्या शिटीला रोज उठलो."