आर्डिथच्या मदतीचं जेवण

सेंट क्रिस्पिन चर्च आर्डिथ टॅकेटच्या जिवावर चालतं, असं गावात सगळेच म्हणत. म्हणायला काय लागतं! रविवारची पत्रिका छापणं, बॉयलर रुसला की मिस्त्रीला गाठणं, मयताच्या घरच्यांसाठी हॅमची सँडविचेस करणं, फादर ज्या भेटी विसरत त्या निस्तरणं, सगळं एकट्या आर्डिथच्या अंगावर. नवरा ड्वाइट कोळशाच्या खाणीत होता तोवर औषधपाण्याची चिंता नव्हती; खाण कंपनीचा विमा दोघांनाही होता. ड्वाइट गेला आणि त्याच्यामागे तिचा विमाही गेला.

त्याच हिवाळ्यात बिशपच्या कार्यालयाकडून नवा नियम आला. चर्चमध्ये पूर्णवेळ राबणारा कुणीही असो, पाद्री असो की ऑफिसातली बाई, सगळ्यांना एकच विमा आणि चर्चने भरायचा वाटाही सारखाच. फादर व्हिटकोमनी तो भर उपासनेत वाचून दाखवला. "देवाच्या घरात लहानमोठं कुणी नाही," असंही म्हणाले. शेवटच्या बाकावर आर्डिथला रडू फुटलं. वेडी कुठली!

पुढच्याच आठवड्यात चर्चची कमिटी बसली. खजिनदार प्रेस्टन लायल तिचा शाळेपासूनचा सोबती. दोघांचं दृढीकरणही, म्हणजे जाणत्या वयात चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायचा विधी, एकाच दिवशी झालेलं.

"हे बघ आर्डिथ, छप्पर गळतंय," तो म्हणाला. "त्यात तुझा विमा. कुठून आणायचं? त्यापेक्षा तुला अर्धवेळ करून टाकू. नियम काय, पूर्णवेळवाल्यांना आहे."

"आणि काम कोण करणार?"

"अगं, उरलेलं तू सेवा म्हणून करशीलच की! तू काय घड्याळ बघून काम करणारी आहेस?"

सगळे प्रेमाने हसले. तिनेही हसून मान डोलावली. स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे त्या चर्चने तिला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि शिकवणारे स्वतःपुरतं मात्र बरोब्बर मागत आले होते. फादर आपली नखं न्याहाळत बसले. त्यांच्या पंथात पाद्री संसार करत; त्यांचा, बायकोचा, मुलांचा विमा आधीपासूनच होता. त्याला हात लावायची भाषा कुणी केली नाही.

पगार अर्ध्यावर आला, काम तसूभरही कमी झालं नाही. वसंतात तिच्या पोटात दुखायला लागलं. ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून टेबलाशी बसायची. डॉक्टरांची तिला भीती नव्हती, त्यांच्या बिलाची होती. उन्हाळा सरता सरता रक्त पडू लागलं तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. आतड्यात गाठ निघाली. लवकर कापली तर वाचाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बाहेरच्या विमा कंपन्यांनी आजारी बाईला दारातूनच परत पाठवलं. तेव्हा त्यांना तशी मुभा होती. राहता राहिला चर्चचा विमा. तिथे आजार विचारत नसत, फक्त नोकरी पूर्णवेळ हवी.

ती प्रेस्टनकडे गेली. "मला पुन्हा पूर्णवेळ कर. काम तर तेवढंच करतेय."

"आत्ता केलं तर लोक काय म्हणतील? एकटीसाठी नियम वाकवला म्हणतील."

"वाकवलास तेव्हा नाही रे कुणी काही म्हटलं!"

प्रेस्टन गोरामोरा झाला. मग एकदम उजळून म्हणाला, "पण तुला आम्ही वाऱ्यावर नाही सोडणार. तुझ्यासाठी स्पॅगेटीचं जेवण ठेवू. बघच तू, सगळं गाव लोटेल."

कुणाचं घर जळो, कुणाचं पोर आजारी पडो, त्या गावात चर्चच्या हॉलमध्ये स्पॅगेटी शिजते. लोक पैसे देऊन जेवतात आणि गल्ला त्या घरी पोचतो. आजवरची अशी सगळी जेवणं आर्डिथनेच पार पाडली होती. त्यामुळे आर्डिथच्या मदतीचं जेवण कोण रांधणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. "सॉस तुझ्याच हातचा हवा हं," प्रेस्टनच्या बायकोने लाडाने बजावलं. आर्डिथ एका हाताने पोट दाबत भल्या थोरल्या पातेल्यात डाव फिरवत राहिली. दुसऱ्या पंथांचे मेथॉडिस्ट आले, बॅप्टिस्टही आले. लोकांनी मिटक्या मारत खाल्लं, तिला मिठ्या मारल्या, डोळे पुसले. त्यात खोटं कुणीच नव्हतं, आणि त्याचीच जास्त चीड येते.

जमलेल्या पैशांत तपासण्या झाल्या. ऑपरेशनसाठी काही उरलं नाही. दूरच्या एका धर्मादाय इस्पितळाने तारीख दिली, पण ती उजाडेपर्यंत गाठ यकृतात पोचली होती. डॉक्टरांनी कापलंच नाही.

नाताळच्या आधी तिने अंथरूण धरलं. काही आठवड्यांनी फादर येशूचं शरीर मानून देतात ती प्रभुभोजनाची भाकर घेऊन घरी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"एक चांगली बातमी आहे, आर्डिथ. तुमचं काम अर्ध्या वेळात कुणालाच झेपेना हो! दोघीजणी आल्या नि पळून गेल्या. कमिटीचे डोळेच उघडले. आता नवी बाई पूर्णवेळ घेतलीय, विम्यासकट. प्रेस्टननेच ठराव मांडला. हे सगळं तुमच्यामुळे झालं."

आर्डिथने उशीवरून मान उचलली. "मग ती जागा मला द्या, फादर. मी अजून मेले नाही."

"तुम्हाला आता काम कुठलं झेपायला?" फादर हळू आवाजात म्हणाले.

"झेपत होतं तेव्हा दिलीत?"

फादरांनी उठून गळ्यात विधीचा पट्टा घातला, प्रार्थना उरकली आणि डबी उघडून पातळ पांढरी भाकर तिच्या ओठांपाशी नेली. कळायला लागल्यापासून आर्डिथने ती कधी नाकारली नव्हती. तिने तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे वळली. फादर हात पुढे करून तसेच उभे राहिले. मग त्यांनी भाकर पुन्हा डबीत ठेवली.