पेटीतले तीन व्हॉल्व्ह

माझा मामा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. मीही दिल्या आहेत, तोंडावर दिल्या आहेत. तो हट्टी होता. आणि हट्टी माणसाच्या हातात कला असली की त्याला अडवणार कोण?

घराची पुढची खोली म्हणजे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मधे एक जाड पडदा. अलीकडे सोल्डरिंगचा धूर, पलीकडे मामीचं स्वयंपाकघर. अख्खी गल्ली त्याला व्हॉल्व्हमामा म्हणायची. गिऱ्हाईक आलं की तो रेडिओचं मागचं झाकण काढायचा आणि रेडिओ राहायचा बाजूला, इतिहास सुरू व्हायचा. "पूर्वीचे व्हॉल्व्ह केवढे होते ठाऊक आहे? पेरूएवढे! खाली काळी बैठक, वर काच. रेडिओ म्हणजे कपाट! मग कुणीतरी शहाण्याने बैठकच उडवली, पिना सरळ काचेतून बाहेर काढल्या, आणि व्हॉल्व्ह झाला अंगठ्याएवढा. म्हणून तर तुम्ही रेडिओ हातात घेऊन मिरवता." मग खणातल्या कापसातून त्याहून छोटा निघायचा. चपटा, भुईमुगाच्या शेंगेएवढा, खाली पिनांच्या जागी बारीक तारा. "हा कानाच्या यंत्राचा. महायुद्धात याचीच दणकट भावंडं तोफगोळ्यात बसवली होती. गोळा विमानाजवळ गेला की आपोआप फुटायचा, तो यांच्या जिवावर. तोफेतून उडवला तरी व्हॉल्व्ह शाबूत!" गिऱ्हाईक बिचारं बातम्यांच्या आत रेडिओ मिळेल का, या काळजीत.

ते शेंगेएवढे व्हॉल्व्ह त्याला इतके प्रिय का, हे घरच्यांना ठाऊक होतं. मामेबहीण, म्हणजे घरातली ताई, तान्ही असताना मामीला मोठा ताप आला आणि तापाबरोबर कान गेले. अगदी ठार नाही. पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं तिला ऐकू यायचं. तेव्हा मामाने कुठून तरी कानाचं एक बंद पडलेलं यंत्र पैदा केलं. साबणाच्या डबीहून जरा मोठी पेटी, त्यात आवाज मोठा करणारे तीन व्हॉल्व्ह, पेटीतून कानापर्यंत वायर. महिनाभर खपून त्याने ते चालू केलं. ते कानाला लावल्यावर मामीला पाळण्यातलं रडणं ऐकू आलं आणि तीही रडायला लागली. तेवढ्यासाठीच आपण जन्म घेतला असं मामा म्हणायचा, आणि ते खरं असावं.

पुढे व्हॉल्व्हची जागा घेणारा ट्रान्झिस्टर आला. गंमत म्हणजे तो रेडिओच्याही आधी कानाच्या यंत्रात शिरला. पेट्या गेल्या, कानामागे बसणारी यंत्रं आली. मामीच्या पेटीला लागणारी जास्त व्होल्टची बॅटरी मिळेनाशी झाली, तर हा गडी छोटे सेल एकापुढे एक जोडून कापडी पट्टीत गुंडाळायचा. ते ओझं मामीच्या कमरेला. वर पेटीला कपडा घासला की कानात खरखर. मामेबहीण नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा म्हणाली ती हेच, की आईला नवं यंत्र घेऊ या.

"ट्रान्झिस्टरचा आवाज म्हणजे पत्र्यावर पाऊस," मामा म्हणाला. "घरात सोनार असताना बायकोने पितळ घालायचं?"

"अहो, पण तिला विचारा तरी," मी म्हटलं. मामाला मी एरवी अरेतुरे करायची; राग आला की अहो.

विचारलं की मामी म्हणायची, "मला येतंय की ऐकू. कशाला उगाच?"

झालं. फिर्यादीच साक्ष फिरवायला लागला तर वकिलाने करायचं काय?

पण तिला येत नव्हतं. व्हॉल्व्ह बल्बसारखा फटकन जात नाही, तो दमत दमत जातो, रोज थोडा. मामीला मागून हाक मारली तर ती वळायची नाही. मामा म्हणायचा, "हिचं लक्षच नसतं." लेक स्वयंपाकघरात आईशी बोलायची ती हळूहळू बोलायची थांबली, कारण प्रत्येक वाक्य तीनदा कोण बोलणार? आणि मामा दर थोड्या दिवसांनी पेटी उघडायचा, जुना व्हॉल्व्ह उपटून कापसातला दुसरा बसवायचा, आधी स्वतःच्या चांगल्या कानाला लावून बघायचा, मग मामीला समोर उभी करायचा. "एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?"

"येतंय."

सगळे रेडिओवाले असंच करतात. ठरलेले शब्द, ठरलेला प्रश्न. रेडिओ खोटं बोलत नाही, त्यामुळे रेडिओच्या बाबतीत ते चालतं.

त्या दिवशी मी दुकानातच होते. मामाने व्हॉल्व्ह बदलला, पेटी बंद केली, घाईत स्वतःच्या कानाला न लावताच मामीच्या कमरेला बांधली, वायरीच्या टोकाची बोंडी तिच्या कानात घातली. "एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?"

"येतंय हो, छान येतंय," मामी हसून म्हणाली.

मामाने समाधानाने पकड ठेवायला टेबलाकडे हात नेला आणि तो हात तिथेच थांबला. पकडीशेजारी कापडी पट्टीतले सेल पडले होते. जोडायचे राहून गेले होते. मामीच्या कानात नुसती मुकी बोंडी होती, आणि ती हसत उभी होती.

मामाने सेल उचलून तिला दाखवले. तिचं हसू उतरलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं. ओठांवरून तिने ओळखलं.

"ताईच्या लग्नाच्या आधीपासून."

ताईची लेक तेव्हा शाळेत जायला लागली होती.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खाली मान घालून बसता हो त्या पेटीपुढे," मामी म्हणाली. "नाही म्हटलं की परत उघडायचात. तुमचा चेहरा बघवायचा नाही."

मामाने दुसऱ्याच दिवशी नवं यंत्र आणलं, बाजारातलं सगळ्यात चांगलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ते बसवलं, तपासलं, पुन्हा तपासलं. मग मामाला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, की आवाज पोचतोय, पण शब्द सुटे होत नाहीत. कान बरीच वर्षं रिकामा राहिला की मेंदू शब्द वेगळे करणं विसरतो. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता. मामा नुसती मान हलवत राहिला. मला त्याचा इतका राग आला होता, आणि इतकी दयाही, की काय करावं कळेना. म्हणून मी रिक्षा बघायला बाहेर गेले.

मामी नवं यंत्र चार दिवस वापरून बघायची, काढून ठेवायची. नातीची बडबड तिला नुसता गलका वाटायची. "गोड असेल ना गं तिचा आवाज?" तिने मला एकदा विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मामाने दुकान आवरतं घेतलं. कापसातले व्हॉल्व्ह एका हौशी माणसाला फुकट देऊन टाकले, एकही गोष्ट न सांगता. परवा मी गेले तेव्हा पडदा बाजूला सारला होता आणि दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती. मामा मामीला काहीतरी सांगत होता, सावकाश, एकेक शब्द सोडवून, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होती. मी दारात उभी राहिले तरी मला त्यातलं काही ऐकू येईना. जरा वेळाने लक्षात आलं, मामाचे नुसते ओठ हलत होते.

"मामा, अरे आवाज काढ की," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तोंड मामीकडेच ठेवून म्हणाला, "तिच्यापर्यंत पोचत नाही, मग कुणासाठी काढू?"