मनगटावरची दोन बोटं

डोळ्याच्या ऑपरेशनला पेशंट बहुधा जागाच असतो. हिरव्या कापडाखाली त्याला सगळं ऐकू येतं. म्हणून फेलोशिपला, म्हणजे हाताखाली शिकायला आलेल्या डॉक्टरचा हात चुकला, की आम्ही शिकवणारे सर्जन बोलत नाही. त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवतो. म्हणजे, ऊठ, आता मी बसतो.

काल माझ्याकडे डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन शिकणाऱ्या डॉक्टर मुलीच्या मनगटावर मी अशीच बोटं टेकवली. टेबलावर एक आजी होत्या; त्यांच्या डोळ्याचा पडदा तिच्या हातून फाटला होता. ती उठली. स्टूल करकरलं.

"काही झालं का हो?" कापडाखालून आजींनी विचारलं.

"काही नाही आजी, छान चाललंय." ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

शिकताना माझंही असंच झालं होतं. हात तयार व्हायला किती डोळे गेले, ते मी मोजले नाहीत. आवाज मात्र पहिल्याच डोळ्यात तयार झाला.

फाटलेला पडदा मी जमेल तेवढा बसवला. पट्टी बांधताना आजींनी चाचपडत तिचा हात धरला. "तूच केलंस ना, बाळा? किती हलका हात गं तुझा!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"हो आजी," ती म्हणाली.