बागेची भिंत आणि कदम साहेब

म्हैसूरच्या वारसा ऑफिसातली माझी निम्मी नोकरी एकाच भिंतीपायी गेली. जुन्या राजबागेची विटांची भिंत, सरकारी संरक्षण मिळालेली. जुन्या भिंतीला शेवाळ धरतं, तसे आम्हाला तिचे किस्से धरले.

आमचे कदम साहेब जुन्या म्हैसुरी फौजेतल्या घराण्याचे. बोलता बोलता कन्नडात शिरायचे. भिंतीला कुणी टेकलं की म्हणायचे, "अप्पा, स्वल्प लांब. तुझ्या आजोबांपेक्षा मोठी आहे ती."

*

एकदा सिनेमावाले परमिशन काढून आले. राजांच्या काळातली भिंत हवी होती. डायरेक्टरने आमची भिंत पाहिली आणि म्हणाला, "ही जुनी वाटत नाही." मग तिच्याच समोर प्लायवूड उभं करून त्यावर विटा रंगवल्या. बघायला आलेल्या एक बाई त्या प्लायवूडचा फोटो काढून मला म्हणाल्या, "किती छान जपलीय हो तुम्ही." मी थँक्यू म्हटलं.

*

दसऱ्याआधी मिरवणुकीच्या सरावासाठी हत्तींना बन्नीमंटपाच्या मैदानापर्यंत रोज फिरवून आणतात. एकदा वाट बदलली आणि एक हत्ती आमच्या भिंतीला अंग घासत उभा राहिला. साहेब धावले. माहुताला म्हणाले, "ही संरक्षित भिंत आहे."

माहूत वरूनच म्हणाला, "हाही संरक्षितच आहे, सार. तुम्हीच सांगून बघा."

साहेबांनी हत्तीकडे वर पाहिलं आणि हात जोडले.

*

साहेबांच्या घराचं कंपाउंड पावसात कललं होतं. वहिनी सांगून दमल्या. शेवटी ऑफिसात आल्या आणि साहेबांसमोर मला विचारलं, "आमचं कंपाउंड हेरिटेज करायला काय करावं लागतं? म्हणजे हे कधीतरी बघायला येतील."

त्या रविवारी गवंडी लागला.

*

मागच्या अंगाला बाग केव्हाच संपली होती, भिंतीच्या दोन्ही बाजूंना घरं झाली होती. अलीकडे रिटायर्ड शिक्षिका ताराबाई माने, पलीकडे रुक्मिणीअम्मा. ताराबाईंच्या झाडाचा फणस पलीकडे पडला, तो कुणाचा यावरून दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद.

एका पावसाळ्यात दोघींच्या मधला आमच्या भिंतीचा भागच पडला. दोघी समोरासमोर आल्या आणि तोंडं फिरवून बसल्या. मग एक दिवस रुक्मिणीअम्मांचा पाय मुरगळला. ताराबाई पडक्या विटांवरून तशाच पलीकडे गेल्या. पुढे दुपारची कॉफी एकत्र व्हायला लागली.

आमचं काम चुन्यात, जुन्या पद्धतीनं, त्यामुळे सावकाश. ताराबाई रोज मला विचारायच्या, "घाई आहे का हो?"

भिंत झाली. साहेब तपासायला आले. छातीच्या उंचीवर एका विटेची जागा रिकामी होती. नकाशात असं भोक कुठेच नव्हतं. गवंडी खाली बघायला लागला, ताराबाई झाडाकडे.

साहेब वाकून भोकातून बघायला लागले, तोच पलीकडून स्टीलचा पेला आला. "हिडी, हिडी, धरा, गरम आहे," रुक्मिणीअम्मांचा आवाज. साहेबांनी तो धरला.

ताराबाई हळूच म्हणाल्या, "माझी कॉफी आहे ती. पण प्या तुम्ही."

साहेबांनी नकाशा गुंडाळून काखेत मारला. मग सावकाश कॉफी संपवली, रिकामा पेला भोकातून परत दिला आणि म्हणाले,

"उद्या साखर जरा कमी घाला, अम्मा."