सुधाकरभाऊंची रिकामी ओळ

आज मी सुधाकरभाऊंचं नाव डिलीट केलं.

काल त्यांची तेरवी झाली. आज अध्यक्ष म्हणाले, "सभासद यादीतून त्याईचं नाव काढून टाक बाई."

सुधाकरभाऊ म्हणजे सावली तालुक्यातल्या आमच्या मच्छीमार संस्थेचे सचिव. सकाळी तलावात जाळं, अकरा वाजता ऑफिसात एक्सेल.

मी ब्रह्मपुरीला कम्प्युटरचा कोर्स करून, सर्टिफिकेट घेऊन आलेली. कामाच्या पहिल्याच दिवशी माऊसचं चाक फिरवत यादीच्या तळाशी जायला निघाले होते. भाऊ मागे येऊन उभे राहिले. अंगाला माशांचा वास.

"काय करून राह्यली?"

"शेवटचं नाव बघायचंय."

"मंग माऊस सोड न पोरी! कंट्रोल दाब, खालचा बाण दाब."

डोळ्याची पापणी लवायच्या आत शेवटचं नाव समोर. माझं सर्टिफिकेट गेलं पाण्यात.

माऊसशी त्यांचं कधी जमलंच नाही. दोरीनं चिरलेली बोटं, हात कायम ओले. कीबोर्डला मात्र स्वतः प्लास्टिकची पन्नी गुंडाळून ठेवलेली. आणि हे सगळं पन्नाशीनंतर शिकलेला माणूस!

एकच गोष्ट त्यांना खपायची नाही.

"मधात रिकामी लाईन ठेवू नको. कर्सर तिथीच अडते."

भाऊंची बायको शांताकाकूही संस्थेची सभासद, त्यांच्या जोडीनं जाळं टाकायची. एकदा मी विचारलं, "भाऊ, यादीत शांताकाकूंचं नाव तुमच्या आधी कसं?"

"पाण्यात पहिले तीच उतरते न. मले थंडी वाजते."

काकू तिथेच डबा घेऊन उभ्या होत्या. अशा लाजल्या!

आज भाऊंचं नाव पुसलं. सवयीनं पहिल्या नावावर गेले. कंट्रोल दाबला, खालचा बाण दाबला.

कर्सर शेवटपर्यंत गेलाच नाही.

शांताकाकूंच्या नावावर येऊन थांबला. खाली रिकामी जागा.

तेरा दिवस आवरून धरलं होतं. आज टेबलावर डोकं ठेवून रडले.

ती ओळ काढायला एक सेकंद लागतो. शिफ्ट-स्पेस, मग कंट्रोल आणि वजाचं बटण. हेही भाऊंनीच शिकवलेलं.

भाऊ, सोमवारी काढते. नक्की.

तुम्ही रागावणार, माहीत आहे. पण काकूंच्या खालची जागा इतक्या लवकर बुजवायला माझा हात धजत नाही. दोन दिवस कर्सर अडू द्या.

या आता, भाऊ. तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.