खोट्या आवाजांच्या गोळ्या

"ताई, तुमच्या मिस्टरांची लक्षणं खरी वाटत नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समोरच्या कागदावरचा एक शब्द वाचून दाखवला. मॅलिंगरिंग. म्हणजे काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी जाणूनबुजून केलेलं आजाराचं सोंग.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. माझे मिस्टर शेजारच्या खुर्चीत टेबलाच्या कडेकडे बघत बसले होते.

डॉक्टरांना ही गोष्ट कळली होती ती काही अंशी माझ्यामुळे. ते तेव्हा ह्यांना माहीत नव्हतं.

मी लिहितेय ते अशा घरांसाठी, जिथे आजारी माणूस खोटं बोलतोय हे कळलंय आणि पुढे काय करायचं ते कळत नाहीये.

माझे मिस्टर प्रकाश अंबडच्या एका कारखान्यात चौदा वर्षं पॉवर प्रेसवर होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचं काम. मी घरी ब्लाऊज शिवते. मुलगी अकरावीला आहे. मागच्या वर्षी शेजारच्या प्रेसमध्ये दौलतभाऊंचा हात सापडला. दौलतभाऊ चांदवडकडचे, रोज ह्यांच्याबरोबर डबा खाणारे. धावत जाऊन मशीन बंद केलं ते ह्यांनीच. दौलतभाऊंची तीन बोटं गेली. ह्यांना साधं खरचटलंही नव्हतं, म्हणून आम्ही देवापुढे नारळ फोडला आणि विषय संपला असं धरलं.

तीन आठवडे हे नीट कामावर गेले. मग एक दिवस प्रेससमोर उभे राहिले आणि हातच उचलेनात. घाम, छातीत धडधड, श्वास पुरेना. दुसऱ्या दिवशीही तेच. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं, कामास योग्य.

घरी कुकरची शिट्टी झाली की हे उठून गॅलरीत जायचे. मी डाळ पातेल्यात शिजवायला लागले.

ह्यांनी पॅकिंगमध्ये बदली मागितली. भीती वाटते एवढ्यावर बदली होत नाही, आजाराचा कागद आणा, असं उत्तर मिळालं. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने ह्यांना सल्ला दिला, हे मला फार उशिरा कळलं. "भीती वाटते म्हटलं तर कोणी मानत नाय प्रकाशभाऊ. आवाज येतात म्हणा, आठवत नाय म्हणा. मग देतात कागद." तो बिचारा चांगल्या मनानेच सांगत होता.

आणि मग आमच्या घरात आवाज आले. कानाशी कुणीतरी बोलतं, शिव्या देतं, असं हे म्हणायला लागले. एकदा सासूबाईंना म्हणाले, तुमचं नाव आठवत नाही. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. मी घाबरून ह्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी आवाज थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. सर्टिफिकेटसाठी मानसशास्त्रीय चाचणी करावी लागेल म्हणाले. तिची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली.

त्या दीड महिन्यात माझा माणूस माझ्यासमोर बदलत गेला. गोळ्या घेतल्या की जबडा आखडायचा. तोंडातून लाळ गळायची. चालताना हात हलायचे नाहीत. "पप्पा रोबोटसारखे चालतात," असं मुलगी हसत म्हणाली आणि तशीच रडायला लागली.

पण मला दुसरंही दिसत होतं. आवाज यायचे ते कुणी समोर असलं की. एकटे टीव्हीवर मॅच बघत बसले की तासन् तास काही नाही. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख मी विसरले, ती ह्यांनी आठवण करून दिली. एका सोमवारी आवाज पुरुषाचा होता, पुढच्या सोमवारी बाईचा झाला.

मला सगळ्यात छळायच्या त्या गोळ्या. सोंग करणारा माणूस गुपचूप गोळ्या फेकून देईल असं आपल्याला वाटतं. हे एकही चुकवत नव्हते. पुढे एकदा म्हणाले, गोळ्या टाकल्या असत्या तर मी नुसता खोटारडा झालो असतो.

मी बोलले तर ह्यांची अब्रू जाणार आणि कदाचित नोकरीही. गप्प बसले तर नसलेल्या आजाराच्या गोळ्यांनी शरीर जाणार. दोन्हींत माझ्या हाताला काही लागत नव्हतं. माहेरी सांगावं तर काय सांगावं? नवरा वेडा आहे की नवरा खोटारडा आहे?

चाचणीच्या दिवशी हे दोन तास आत होते. मानसशास्त्रज्ञ मॅडम तिशीतल्या, हळू बोलणाऱ्या. नंतर त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि घरी काय काय दिसतं ते विचारलं. पदराचं टोक मी किती वेळ पिळत बसले होते कोण जाणे. शेवटी म्हटलं, "मॅडम, ह्यांना आवाज येत नाहीत. पण तुम्ही त्या गोळ्या बंद करा."

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, चाचणीतही तसंच दिसतंय. त्यांनी सोपं करून सांगितलं. आधी चित्रं दाखवतात, मग दोन-दोन समोर ठेवून यातलं कुठलं पाहिलं ते विचारतात. "डोळे मिटून बोट ठेवलं तरी साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतात. यांची त्याहून कितीतरी कमी आली. बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही." शिवाय सहसा कुणाही रुग्णाला नसतात अशी काही लक्षणं त्या विचारतात. ह्यांनी त्या सगळ्यांना हो म्हटलं होतं.

त्यानंतर आठवड्याने डॉक्टरांनी तो शब्द वाचला. गोळ्या हळूहळू कमी करून बंद करायच्या ठरल्या. घरी चप्पल काढता काढता ह्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?"

मी हो म्हटलं. मग गोळ्या, लाळ, चालणं, सगळं सांगत राहिले. ते ऐकत होते की नाही कळलं नाही.

रिपोर्ट कंपनीत गेला. कॉलनीत नाटक हा शब्द माझ्या कानावर यायला लागला. आठ दिवसांत कामावर हजर व्हा, असं पत्र आलं आणि हे हजर झाले.

पहिल्याच दिवशी दुपारी सुपरवायझरचा फोन आला, या आणि घेऊन जा. मी गेले तेव्हा हे स्टोअररूममध्ये खोक्यावर बसले होते. पँट ओली होती. प्रेस सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर तसं झालं होतं. मी ओढणी काढून त्यांच्या मांडीवर टाकली. ते म्हणाले, "आता हे पण खोटंच म्हणतील."

दुसऱ्या दिवशी नंबर न लावता मी मॅडमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "लक्षणं वाढवून सांगणारा माणूस आजारी नसतोच असं नाही, ताई. अपघाताबद्दल पुन्हा तपासावं, असं मी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं." ती ओळ कुणी वाचली नव्हती. मीही नाही.

ह्यांना परत बोलावलं. या वेळी चित्रं नव्हती. मॅडमनी फक्त त्या दिवसाबद्दल विचारलं आणि ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं. दौलतभाऊ ओरडले नव्हते. त्यांनी नुसतं ह्यांच्याकडे बघितलं होतं. निदान झालं पीटीएसडी. म्हणजे प्रसंग होऊन जातो, पण शरीर अजून त्याच प्रसंगात असतं. वेगळी गोळी सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन.

नवं सर्टिफिकेट घेऊन आम्ही कंपनीत गेलो. एकाच माणसाचे एकाच रुग्णालयाचे दोन कागद, आम्ही खरा कोणता मानायचा, असं साहेबांनी विचारलं. दोन्ही खरे होते, पण ते मला तिथे नीट सांगता आलं नाही. दोन महिन्यांनी ह्यांनी राजीनामा दिला. आता माझ्या भावाच्या मळ्यात शेवंतीचं बघतात. झोप लागते. चालताना हात हलतात.

त्या मॅडमची मी ऋणी आहे. खोटं पकडल्यावरही त्यांनी माणूस सोडला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांपासून लपवू नका, चुकीचं औषध फार नुकसान करतं. पण त्याआधी तुमच्या माणसाजवळ बसा आणि सांगा, मला कळलंय, आणि मी हे आत जाऊन बोलणार आहे. मी तेवढं केलं नाही. ह्यांच्या पाठीमागे जाऊन बोलले.

समुपदेशनाच्या दिवशी आम्ही बरोबर जातो. नंबर पुकारला की मी उठते, आणि हे शांतपणे म्हणतात, "तू बाहेर बस." मी बसते. दार लागतं. आत काय बोलणं होतं ते मला कळत नाही, आणि मी विचारत नाही. आत ते खरं बोलत असतील, एवढं मी धरून चालते.